कर हलका, चहा स्वस्त. मग अमेरिकी वसाहतींनी साम्राज्य का सोडले?

विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे: १७७३ च्या कायद्याने अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता आणि तिथला माणूस इंग्लंडमधल्या माणसापेक्षा कितीतरी कमी कर भरत होता, अशा लोकांनी बलाढ्य साम्राज्याशी युद्ध पत्करले, त्याचे कारण खरोखर राजकीय विचारांत शोधायचे, की व्यापारी आणि जमीनदार यांच्या हितसंबंधांना दिलेला तो मुलामा होता? आधुनिक जगाचा इतिहास अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की विचार हे इथे खरे कारण होते, मात्र इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक याचे ग्रंथ वाचून लोकांनी स्वातंत्र्य मागितले असा सरळ हिशेब त्यात नाही. १७६५ मध्ये स्वातंत्र्याची मागणी करणारा जबाबदार माणूस वसाहतींत शोधूनही सापडत नाही, आणि १७७५ च्या जुलैपर्यंत त्यांची काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची संयुक्त सभा, राजाकडे विनंतीअर्ज धाडत होती. मधल्या दहा वर्षांत कायदेशीर आणि तात्त्विक स्वरूपाचा एक वाद चालला. त्या वादात लंडनहून आलेल्या प्रत्येक उत्तराने वसाहतींची तोवरची मधली भूमिका निरुपयोगी केली आणि त्यांना एक पाऊल पुढे टाकावे लागले. विचारांनी त्यांना स्वातंत्र्याकडे नेले ते अशा रीतीने.

हे विचार परके नव्हते, ते इंग्रजांचेच होते. १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सला घालवून विल्यम आणि मेरी यांना गादीवर बसवले गेले, १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाने कर बसवणे बेकायदा ठरवले, आणि त्याच सुमारास जॉन लॉकने मांडले की माणसाचे जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचे हक्क शासनाने दिलेले नसतात. त्या हक्कांच्या रक्षणासाठी लोक संमतीने शासन उभारतात, आणि शासनाने विश्वासघात केला तर ते बदलण्याचा अधिकार लोकांकडेच राहतो. यातला वसाहतींना सर्वाधिक उपयोगी पडलेला मुद्दा मालमत्तेचा होता: जी वस्तू माझ्या संमतीवाचून दुसरा केव्हाही काढून घेऊ शकतो, ती माझी आहे असे म्हणण्याला अर्थ उरत नाही.

तरीही रोजच्या राजकीय बोलण्यावर लॉकपेक्षा अधिक ठसा उमटला तो लंडनमधल्या सरकारविरोधी लेखकांचा. ट्रेंचर्ड आणि गॉर्डन या जोडीने १७२० नंतरच्या तीन वर्षांत ‘केटो’ या टोपणनावाने लिहिलेली पत्रे वसाहतींतील वृत्तपत्रे वर्षानुवर्षे उद्धृत करत राहिली. सत्ता ही स्वभावतःच पसरणारी असते, उभे सैन्य, नेमणुकांची खिरापत आणि पेन्शनी वाटून ती प्रतिनिधींना विकत घेते, आणि स्वातंत्र्य गमावणाऱ्या राष्ट्रांना ते गमावल्याचे उशिरा कळते, हा त्या लेखनाचा सूर होता. इंग्लंडमध्ये ही नाराजांची कुरबुर मानली जाई. अमेरिकेत ती राजकारणाची बाराखडी झाली. धर्मपीठावरूनही तेच ऐकू येत होते. बोस्टनचा धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू याने पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या स्मृतिदिनानिमित्त १७५० मध्ये दिलेल्या प्रवचनात, जुलमी राज्यकर्त्याची आज्ञा पाळणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य ठरत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

या वाचनाला अनुभवाची जोड होती. व्हर्जिनियात १६१९ पासून निवडून आलेली सभा भरत होती, न्यू इंग्लंडमधली गावे आपले निर्णय गावसभेत घेत होती, जमीन अनेकांकडे असल्याने गोऱ्या पुरुषांतला मोठा वर्ग मतदार होता, आणि बहुतेक प्रांतांत गव्हर्नरचा पगार स्थानिक सभा मंजूर करीत असल्यामुळे राजाच्या माणसालाही त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागे. संमतीचे तत्त्व या लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. ते नाकारले जात आहे हे त्यांना चटकन जाणवले, याचे आश्चर्य वाटायला नको.

ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातले सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज १२ कोटी पौंडांच्या पुढे गेले होते आणि अमेरिकेत सुमारे दहा हजारांचे सैन्य ठेवण्याचा विचार चालू होता. त्याचा काही खर्च वसाहतींनी उचलावा ही अपेक्षा लंडनच्या नजरेतून अगदी रास्त होती, हे आपण मान्य केले पाहिजे. १७६५ चा मुद्रांक कायदा त्यातून आला: न्यायालयीन कागद, करारपत्रे, वृत्तपत्रे, पंचांगे, इतकेच काय पत्त्यांचे जोड, या सर्वांवर मुद्रांक लागणार होता. करासाठी वस्तू निवडताना ज्यांच्या हाती लेखणी आणि छापखाना आहे अशा वकील, मुद्रक आणि व्यापाऱ्यांनाच आधी दुखवायचे, ही राजकीय दूरदृष्टी नव्हती एवढे म्हणून पुढे जातो. त्याच ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि आपल्या संमतीवाचून, म्हणजे आपण निवडलेल्या प्रतिनिधींवाचून, आपल्यावर कर बसू शकत नाही, असा ठराव त्यांनी केला. मागणी इंग्रज प्रजाजनांच्या जुन्या हक्काची होती. नव्या राष्ट्राची कल्पनाही तिच्यात नव्हती.

लंडनकडून आलेले उत्तर लक्षपूर्वक वाचावे असे आहे. कोषागाराचे सचिव टॉमस व्हेटली यांनी मांडले की पार्लमेंटचा प्रत्येक सदस्य केवळ आपल्या मतदारसंघाचा नसून साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. इंग्लंडमधल्या बहुसंख्य लोकांनाही मत नाही, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम ही मोठी गावे एकही सदस्य पाठवत नाहीत, तरी ती प्रतिनिधित्वापासून वंचित आहेत असे कोणी म्हणत नाही. त्या काळच्या ब्रिटिश घटनेनुसार हे म्हणणे चुकीचे नव्हते. मेरीलँडचे वकील डॅनियल ड्युलेनी यांनी ते नेमके उलटवले: मत नसलेला इंग्लंडमधला माणूस आणि त्याचा मतदार शेजारी एकाच कराखाली येतात, त्यामुळे शेजाऱ्याचे हित हेच त्याचे संरक्षण असते, अमेरिकेवर बसवलेला प्रत्येक कर मात्र इंग्लंडमधल्या मतदाराचा बोजा हलका करतो. जिथे दोघांचे हित परस्परविरुद्ध आहे तिथे एकाने दुसऱ्याचे प्रतिनिधित्व करायचे कसे? बोस्टनच्या जेम्स ओटिसचा जबाब याहून उद्धट होता. मँचेस्टरला प्रतिनिधी नसेल तर तो द्यायला हवा, असे त्याने सुनावले. प्रतिनिधी म्हणजे आपण निवडलेला, आपल्यातलाच आणि आपल्याला जाब देणारा माणूस, ही आज आपल्याला सहज वाटणारी समजूत या वादात घट्ट झाली.

मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला, पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींना सर्वच्या सर्व बाबतींत बांधून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. आनंदाच्या भरात त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दरम्यान बेंजामिन फ्रँकलिन यांनी कॉमन्स सभेपुढे साक्ष देताना अंतर्गत कर आणि व्यापारावरील जकात यांत भेद सुचवला होता. वसाहतींचा विरोध पहिल्यालाच आहे, असे त्यांचे म्हणणे. अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी तोच धागा पकडून १७६७ मध्ये काच, कागद, शिसे, रंग आणि चहा यांच्यावर आयात कर बसवला आणि मधली ती भूमिका संपली.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या टप्प्यावर मिळते. फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी ‘पेनसिल्व्हेनियातील शेतकरी’ या नावाने १७६७-६८ मध्ये बारा पत्रे प्रसिद्ध केली. व्यापाराचे नियमन करण्यासाठी घेतलेली जकात चालेल, परंतु महसूल मिळवण्याच्या हेतूने बसवलेला कोणताही आकार हा करच आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. आणि पुढे असे लिहिले की रक्कम लहान आहे हीच सर्वांत भिण्याजोगी गोष्ट आहे. मोठा कर बसला असता तर लोक लगेच उठले असते. लहान कर विनातक्रार भरला जातो, भरला की पायंडा पडतो, आणि पायंडा पडला की रक्कम वाढवण्याला तत्त्वाची हरकत उरत नाही. कर हलका होता म्हणून विरोध अनाकलनीय वाटतो, असे आपण म्हणतो. त्यांच्या विचारपद्धतीत हलकेपणा हाच संशयाचा पुरावा होता. पार्लमेंटचे सदस्य एडमंड बर्क यांनी मार्च १७७५ मध्ये कॉमन्स सभेत हेच सांगितले. इतर ठिकाणचे लोक प्रत्यक्ष त्रास झाल्यावर तत्त्व वाईट आहे असे ठरवतात, अमेरिकेतले लोक तत्त्व वाईट दिसताच पुढचा त्रास ओळखतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता, आणि याचे एक कारण म्हणून तिथल्या कायद्याच्या अभ्यासाकडे त्यांनी बोट दाखवले होते.

या मनोवृत्तीला दुसरी बाजूही होती, आणि ती फारशी गौरवास्पद नाही. सत्ता नेहमी कट करते असे मानणाऱ्याला लंडनची प्रत्येक हालचाल एकाच कटाचा भाग दिसू लागली. १७६८ मध्ये बोस्टनला उतरवलेले सैन्य, ५ मार्च १७७० रोजी तिथे गोळीबारात पडलेले पाच बळी, गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार थेट राजाच्या तिजोरीतून देण्याची योजना, यांची सांगड घालून ‘आम्हाला गुलाम करण्याची मसलत शिजते आहे’ असे पत्रकांमागून पत्रके सांगू लागली. तशी मसलत नव्हती. लंडनमध्ये मंत्रिमंडळे बदलत होती आणि धोरणात सातत्यच नव्हते. परंतु केटोची पत्रे वाचून वाढलेल्या वाचकाला हा धरसोडपणा योजनाबद्ध वाटला. लोक ज्या चौकटीतून पाहतात तीच घटनांना अर्थ देते, हे हितसंबंधांचाच हिशेब मांडणाऱ्या अभ्यासकांच्या नजरेतून निसटते.

आता या सगळ्या वादाचा कळीचा प्रसंग. जानेवारी १७७३ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांनी वाद कायमचा मिटवण्याच्या इराद्याने प्रांतिक सभेपुढे भाषण केले. हचिन्सन हे बोस्टनमध्येच जन्मलेले, विद्वान आणि मॅसॅच्युसेट्सचा इतिहास लिहिणारे गृहस्थ. त्यांनी सांगितले की पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचे पूर्ण स्वातंत्र्य यांच्या मध्ये आखता येईल अशी कोणतीही रेषा मला दिसत नाही, कारण एका राज्यात दोन स्वतंत्र विधिमंडळे नांदू शकत नाहीत. हे त्या काळचे प्रमाण कायदेशीर मत होते. इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी इंग्लंडच्या कायद्यांवरील आपल्या भाष्यात लिहून ठेवले होते की प्रत्येक राज्यात एक अंतिम, अनियंत्रित सत्ता असलीच पाहिजे, आणि ब्रिटनमध्ये ती पार्लमेंटकडे आहे. हचिन्सन यांची अपेक्षा अशी की स्वातंत्र्य हा शब्द ऐकताच सभासद दचकतील आणि पार्लमेंटची सत्ता मान्य करतील. सभेने त्यांचेच गृहीतक स्वीकारून उलट उत्तर दिले: अशी रेषा नसेल, तर एक तर आम्ही पार्लमेंटचे दास आहोत किंवा पूर्ण स्वतंत्र आहोत, आमच्या पूर्वजांनी सनद घेताना दास होण्याचे कबूल केले असेल हे संभवत नाही, म्हणून दुसरे खरे.

साम्राज्याच्या बाजूने इतके प्रामाणिक भाषण दुसरे झाले नसेल, आणि तितके घातकही. सार्वभौमत्व वाटून घेता येत नाही हा सिद्धान्त लंडनने सोडला असता, तर तडजोडीला जागा होती. तो न सोडल्यामुळे प्रश्न ‘किती’ हा न राहता ‘कोण’ असा झाला.

चहाचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. टाउनशेंडचे बाकीचे कर १७७० मध्ये उठले होते. चहावरचा पौंडामागे तीन पेन्सचा कर मात्र अधिकाराची खूण म्हणून मुद्दाम ठेवला गेला. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती आणि तिच्या गोदामांत न विकला गेलेला चहा साठला होता. १७७३ च्या कायद्याने तिला इंग्लंडमधली जकात माफ करून, ठरावीक अडत्यांमार्फत, तो थेट अमेरिकेत विकण्याची मुभा दिली. चहा स्वस्त होणार होता तो असा. तो विकत घेणे म्हणजे पार्लमेंटच्या अधिकारावर स्वतःच्या हाताने सही करणे, आणि सोबत एका मक्तेदार कंपनीला दार उघडून देणे. या कंपनीची कीर्ती अमेरिकेत पोहोचली होती. डिकिन्सन यांचे म्हणून ओळखले जाणारे, ‘रस्टिकस’ या नावाने छापलेले १७७३ चे एक पत्र फिलाडेल्फियाच्या वाचकांना बंगालच्या १७७० च्या दुष्काळाची आठवण करून देते: ज्या कंपनीने आशियात अन्नाचा व्यापार ताब्यात घेऊन लाखो माणसे मरू दिली, तिची नजर आता अमेरिकेकडे वळली आहे. भारताचा इतिहास शिकवताना आपण बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री निदर्शकांनी बुडवलेल्या कंपनीच्या चहाच्या ३०० हून अधिक पेट्यांचा उल्लेख क्वचितच करतो. तो करायला हवा, कारण प्लासीनंतरच्या बंगालची वार्ता त्या रात्रीच्या संतापामागे होती. चहा मात्र चीनचा होता.

लंडनने बोस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलून टाकली. एका कायद्याने दीडशे वर्षांची राज्यपद्धती पालटता येते हे पाहिल्यावर इतर प्रांतांना वेगळे सांगायची गरज पडली नाही. सप्टेंबर १७७४ मध्ये जॉर्जिया सोडून बाराही वसाहती फिलाडेल्फियाला जमल्या. तिथे जोसेफ गॅलोवे यांनी अमेरिकी महासभा आणि पार्लमेंट या दोघांची संमती लागेल अशी संयुक्त रचना सुचवली आणि ती थोडक्या मतांनी मागे पडली. त्याच वर्षी जेम्स विल्सन आणि टॉमस जेफर्सन यांनी, आणि थोड्याच महिन्यांनी जॉन ॲडम्स यांनी, अशी भूमिका मांडली की पार्लमेंटला वसाहतींवर मुळात कोणताच अधिकार नाही. प्रत्येक वसाहत आपल्या सभेसह स्वतंत्र राज्य आहे आणि सर्वांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे राजा. पुढच्या शतकात ब्रिटिश साम्राज्याने कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांना याच धर्तीवर सामावून घेतले, हे पाहिले की १७७४ च्या हट्टाचे मोल कळते.

राजाचा दुवा तोडण्याचे काम ब्रिटिश सैन्याशी एप्रिल १७७५ मध्ये झालेल्या लेक्सिंग्टनच्या चकमकीनंतर स्वतः तिसऱ्या जॉर्जने बरेचसे केले. काँग्रेसचा विनंतीअर्ज न स्वीकारता त्याने ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. तरी राजाबद्दलची भावनिक निष्ठा शिल्लक होती, आणि तिच्यावर घाव घातला तो टॉमस पेन याने. हा इंग्लंडमधला नोकरी गमावलेला जकात अधिकारी १७७४ च्या अखेरीस अमेरिकेत आला, आणि जानेवारी १७७६ मध्ये त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. तोवरचे सारे लेखक राजाच्या वाईट सल्लागारांना दोष देत होते. पेनने वंशपरंपरागत राजपदच हास्यास्पद ठरवले आणि ज्या ब्रिटिश राज्यघटनेचा हवाला दहा वर्षे दिला जात होता, तीच सदोष असल्याचे सांगितले. लॅटिन अवतरणे नाहीत, कायद्याची कलमे नाहीत. बायबल जाणणाऱ्या कारागिराला कळेल अशी भाषा. (महात्मा फुले यांनी तरुणपणी वाचलेला पेन तो हाच, पुस्तक मात्र नंतरचे, ‘राइट्स ऑफ मॅन’.) ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात तक्रारींची लांबलचक यादी आहे, पण पार्लमेंट हे नाव त्या यादीत कोठेही येत नाही. साऱ्या तक्रारी राजाविरुद्ध आहेत. जिचा अधिकार कधी नव्हताच तिच्याशी संबंध तोडण्याचा प्रश्न येत नव्हता.

आता हितसंबंधांच्या आक्षेपाकडे. विचार एकटे पुरेसे नव्हते याचा पुरावा जमैका हे कॅरिबियन समुद्रातले ब्रिटिश वसाहतीचे बेट देते. तिथल्या मळेवाल्यांच्या सभेने डिसेंबर १७७४ मध्ये राजाकडे अर्ज करून हेच सिद्धान्त मांडले होते: संमतीवाचून कायदा नाही, पार्लमेंटचा अधिकार मर्यादित आहे. तरी जमैका बंडात उतरली नाही, कारण तिथे गुलामांची संख्या गोऱ्यांच्या दहापटींहून अधिक होती आणि ब्रिटिश फौजेवाचून मळेवाल्यांना रात्री झोप लागली नसती. विचार तेच, परिस्थिती वेगळी, निष्पत्ती वेगळी. उलट बाजूने पाहिले तर त्याच विचारांचे काही जाणकार शेवटच्या पायरीवर थबकले. ड्युलेनी यांनी स्वातंत्र्याला साथ दिली नाही, आणि डिकिन्सन २ जुलै १७७६ च्या मतदानाला मुद्दाम गैरहजर राहिले, तरी पुढे युद्धात सामील झाले. पश्चिमेकडच्या जमिनींचा लोभ, इंग्रज सावकारांची देणी, तस्करीतला नफा, ही कारणे अनेकांना ढकलत होती यात शंका नाही. पण हितसंबंध सांगतात की कोणाला काय हवे होते. ते मागणे न्याय्य आहे असे न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला, फिलाडेल्फियाच्या छापखानेवाल्याला आणि व्हर्जिनियाच्या मळेवाल्याला एकाच भाषेत एकमेकांना पटवता आले ते विचारांमुळे. तेरा परस्परांवर फारसा विश्वास नसलेल्या प्रांतांना जोडणारे दुसरे काही तेव्हा उपलब्धही नव्हते.

त्या भाषेत ‘गुलामी’ हा शब्द सतत येतो, आणि तो वापरणाऱ्या वसाहतींत सुमारे २५ लाख लोकसंख्येपैकी ५ लाखांच्या आसपास माणसे खरोखर गुलाम होती. लंडनमध्ये लेखक सॅम्युएल जॉन्सन यांनी १७७५ मध्ये यावर झोंबरी टीका केली होती: स्वातंत्र्याचा सर्वांत मोठा गलका गुलाम हाकणारेच कसे करतात? ज्या जानेवारी १७७३ मध्ये हचिन्सन आणि प्रांतिक सभा यांच्यात सार्वभौमत्वाचा वाद रंगला होता, त्याच महिन्यात बोस्टनमधल्या गुलामांच्या वतीने त्याच गव्हर्नरकडे आणि त्याच सभेकडे एक अर्ज आला. आम्हाला मालमत्ता नाही, देश नाही, बायकामुलेही आमची नाहीत, असे त्यात लिहिले होते. एप्रिलमध्ये चार जणांच्या सह्यांचे दुसरे निवेदन निघाले. आपल्याला गुलाम करू पाहणाऱ्यांविरुद्ध इतक्या खंबीरपणे उभे राहिलेल्या लोकांकडून आम्हाला मोठ्या अपेक्षा आहेत, अशी त्याची सुरुवात होती. सभेने त्यांची मागणी मान्य केली नाही. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सने आपली राज्यघटना केली आणि तिच्या पहिल्याच कलमात सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असे लिहिले. पुढच्या वर्षी एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने त्याच तत्त्वाच्या आधारे मालकाविरुद्ध दावा लावला आणि पंचांनी तिच्या बाजूने निकाल दिला.